भोंगाबाई

शाळेची घंटा बिघडली तरी आमचं काही अडायचं नाही; भोंगाबाई होत्या. इचलकरंजीत यंत्रमागांच्या गल्लीतली आमची शाळा. बाई तिथं इंग्रजी शिकवायच्या आणि मी शेजारच्या वर्गावर होतो. मधली भिंत नावालाच. त्यांचं ‘ओपन युवर बुक्स’ ऐकून माझी मुलंही पुस्तकं उघडायची.

मुलं बिहार, ओडिशाकडून आलेल्या माग कामगारांची. घरात एक भाषा, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी आणि वर ही इंग्रजी. राहायच्या खोलीला लागूनच कारखाना, त्यामुळे अखंड खडखडाटात वाढलेली. अशी मुलं कानापेक्षा समोरच्याच्या ओठांवर भरवसा ठेवतात, हे आमच्यापैकी फक्त बाईंनी ओळखलं. त्या मुलांकडे पाठ करून कधी बोलत नसत. पुढचा दात पडला तेव्हा लगेच नवा बसवून आल्या. म्हणाल्या, “थँक्यू म्हणताना पोरं माझ्या खिंडीकडंच बघत्यात की!”

मैदानाच्या एका टोकाला त्या पाण्याची कळशी घेऊन बसायच्या आणि दुसऱ्या टोकाला मुलं उभी. तिथून इंग्रजीत पाणी मागायचं. “न्हाय ऐकू आलं! परत!” बाई गरजायच्या. मान खाली घालणारी पोरं बघता बघता गल्ली दणाणेल अशी इंग्रजी बोलू लागायची. आम्ही शिक्षक हसायचो. “हसा की. ह्यांच्या बापाचं आजवर कुणी ऐकलंय? ह्यांचं तरी ऐकू दे लोकास्नी,” असं त्या सुनवायच्या.

रिंकी त्यांची सगळ्यात लाडकी. कोल्हापुरातली एक मोठी इंग्रजी शाळा दरवर्षी एका गरीब मुलाला फुकट शिकवायची. ती जागा रिंकीला मिळावी म्हणून बाई वर्षभर तिच्या मागे लागल्या. मुलाखतीला तिचा बाप रात्रपाळी संपवून तसाच आला. सोबत बाई होत्या, मीही होतो. दार बंद होतं, तरी रिंकीचं प्रत्येक उत्तर व्हरांड्यात ऐकू येत होतं. “माय फादर मेक्स क्लॉथ!” बापाला त्यातलं ‘फादर’ तेवढं कळलं आणि त्यानं शर्टाची बटणं नीट केली.

थोड्या वेळानं तिथल्या मॅडम बाहेर आल्या. गोड हसून म्हणाल्या, “मुलगी हुशार आहे. पण केवढी ओरडते! आमच्या मुलांवर परिणाम होतो हो. थोडं वळण हवं होतं.”

“मैडम, जवाब गलत हुआ क्या?” बापानं बाईंना विचारलं.

“न्हाय भाऊ. सब बरोबर था.”

मला वाटलं, आता भोंगा वाजणार आणि ती चकचकीत इमारत हादरणार. पण बाई रिंकीचा हात धरून फाटकाकडं चालू लागल्या. परतताना एसटीत रिंकीनं खणखणीत आवाजात विचारलं, “बाई, मी पास?” सगळी गाडी वळून बघायला लागली. बाईंनी तिच्या ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोल, बाळा.” त्या मॅडमचा चेहराही मला आता आठवत नाही, पण ते बोट अजून डोळ्यांसमोर आहे.

त्यानंतर कळशी मैदानात गेली नाही. निवृत्त होईपर्यंत बाई मुलांना हळू बोलायला शिकवत राहिल्या. मला संताप यायचा. एकदा बोलूनही दाखवला. त्या एवढंच म्हणाल्या, “सर, माझ्या आवाजानं पोरीचं वाटोळं झालं.” ही समजूत मला शेवटपर्यंत त्यांच्या डोक्यातून काढता आली नाही.

परवा बाई गेल्या. शाळेत शोकसभा झाली. रिंकी आली होती. ती आता कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जाते. मुख्याध्यापकांनी तिला चार शब्द बोलायला सांगितलं. तिनं माइक हातात घेतला, ओठ हलले, पण पहिल्या रांगेतही काही पोचलं नाही. मला राहवलं नाही. मागून ओरडलो, “न्हाय ऐकू आलं! परत!”

रिंकी माझ्याकडे बघून कसनुसं हसली, माइक ठेवला आणि जागेवर जाऊन बसली.

मुख्याध्यापक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “किती हळू बोलते हो पोरगी! बाईंचे संस्कार.” मला त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. पण ते खोटं बोलत नव्हते.