खरं बोलण्याचा धंदा बंद झाल्याची जाहीर सूचना

तमाम रसिकजनांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, रंगमंचावर उभं राहून खरं बोलण्याचा उद्योग आम्ही तिघांनी कायमचा बंद केला आहे. दुखवटा पाळू नये. झेंडे आहेत तिथेच राहू द्यावेत. मुलुंड पूर्वेच्या ज्या शाळेचा हॉल आम्ही रविवारी घ्यायचो, तिथल्या खुर्च्या आता लग्न जमवणाऱ्या मंडळाला मिळाल्या आहेत. तिथे खऱ्याचं प्रमाण जरा आटोक्यात असतं.

तिघे म्हणजे बोरिवलीचा मी, वेसाव्याच्या कोळीवाड्यातली एक मैत्रीण आणि मुलुंडचा एक मित्र. ना संहिता, ना तालीम. प्रेक्षकांतून कुणी काहीतरी मागायचं आणि आमच्यापैकी एकाने स्वतःच्या आयुष्यात घडलेला खरा प्रसंग तिथल्या तिथे सांगायला घ्यायचा. उरलेल्या दोघांनी त्यातली माणसं व्हायचं. मागितलेलं नाकारायचं नाही, हा आमचा एकमेव कायदा. मी पोट सुटलेला, टक्कल पडलेला, पण खांद्यावर पंचा टाकला की मुलुंडकराची आई व्हायचो आणि लोक खुर्चीवरून घसरायचे. वेसाव्याची तर जातिवंत नटी. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली की पोलीस, थांबली की नवरी, खोकली की घरमालक.

एक रीतही पडून गेली होती. गेलेल्या माणसाचं सोंग घ्यायचं तर चपला विंगेत काढून यायचं. कुणी ठरवलं आठवत नाही. प्रेक्षकांना आम्ही कधी हे सांगितलं नाही, आणि कुणाच्या ते लक्षातही यायचं नाही. फक्त पहिल्या रांगेत एक बाई नेमाने बसायच्या, त्या मुलुंडकराच्या खऱ्या आई. गिरणी बंद झाल्यावर खचून वारलेल्या आपल्या यजमानांना त्यांनी माझ्या रूपात कितीदा तरी पाहिलं होतं, अनवाणी. घरी गेल्यावर मुलाला म्हणायच्या, "तुझ्या दोस्ताक रीतभात आसा हां."

त्या बाईंचा धाकटा मस्कतला एका हॉटेलात स्वयंपाकी होता. एका सकाळी तो उठलाच नाही. मुलुंडकर ऑफिसचं काम सांगून विमानाने गेला, तिथेच सगळं उरकून आला. मिशी का काढलीस, असं आईने विचारलं तेव्हा नव्या भूमिकेसाठी म्हणाला. आईंची बायपास ठरली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशन होऊन बाई शुद्धीवर येईपर्यंत एक अक्षर नको, हे हृदय धक्का सोसणार नाही. मग काय, मस्कतचा फोन बिघडला, तिथे रेंज नाही, सीझन आहे, मालक सोडत नाही. आमचा सगळ्यात हुशार नट घरातल्या प्रयोगाला रोज उभा राहत होता. आम्हा दोघांनाच त्याने सांगितलं होतं.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी आई म्हणाल्या, मी येणार. नको म्हणावं तर संशय. आल्या, पहिल्या रांगेत बसल्या, आणि काय हवं असं मी विचारायच्या आत हात वर करून ओरडल्या, "धाकट्याची ती किल्लीची गजाल सांग रे! लय दिवस झाले त्याचो आवाज नाय ऐकलंय."

लोक हसले. मुलुंडकराने माझ्याकडे पाहिलं. कायदा आमचाच होता.

त्याने सुरुवात केली, आणि झकास केली. चाळीतली खोली, दाराला कुलूप, धाकट्याने किल्ली लोणच्याच्या बरणीत टाकलेली, आणि सगळी चाळ गटारात हात घालून शोधतेय. मी पंचा टाकून आई झालो. "खय गेलो तो मेलो!" म्हणून गरजलो. पहिल्या रांगेत खऱ्या आई डोळे पुसत हसत होत्या. मला वाटलं, निभावलं.

आता धाकटा यायचा होता. वेसाव्याची विंगेतून आली. तोंड लोणच्याने माखल्यासारखं, हात पाठीमागे, हुबेहूब आठ वर्षांचं पोर.

अनवाणी.

तिला कळलंच नव्हतं. डोकं ते पोर शोधत होतं आणि पाय जे करायचं ते करून बसले होते. माझी नजर खाली गेली तशी तिची गेली, आणि ती धावत विंगेत जाऊन चपला घालून आली. तेवढं तरी करायला नको होतं.

आई उभ्या राहिल्या. "तिना चपला कित्याक काढल्यान?"

मी पदर सावरला. "आता घरात काय चपला घालून येतत? मीच वळण लावलंय पोरांका!" हॉलमध्ये टाळी पडली. आयुष्यात इतकी वाईट टाळी मी घेतलेली नाही.

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. मुलाला म्हणाल्या, "माझ्याकडे बघ."

कुठल्याही प्रश्नाला चुटकीसरशी उत्तर काढणारा तो माणूस. वाट बघितली मी. अजून एक थाप, एक विनोद, काहीही. त्याने आईंकडे पाहिलं, वरच्या ओठावर मिशीची खुंटं उगवत होती. मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टी मारली, लोकांना हा अभिनय वाटत होता.

"कधी?" आईंनी विचारलं.

"गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ऑपरेशन पुढे ढकललं, मग झालं, त्या वाचल्या. डॉक्टरांचं हृदयाबद्दलचं भाकीत चुकलं. पण त्या आता गावच्या घरी एकट्या राहतात आणि थोरल्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. लोक विचारतात, म्हातारी इतकी का धरून बसली, पोराने तिच्या जिवासाठीच केलं ना? ते लोक त्या हॉलमध्ये नव्हते.

आम्ही होतो. त्या खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या, मनात दिवस मोजत असाव्यात. रडल्या नाहीत. चेहरा ओकारी दाबल्यासारखा झाला आणि भरल्या हॉलमध्ये मुलावर ओरडल्या, "त्याच्या सुतकात तू माका बांगडे खावक घातलंस रे!"