सासूबाईंचे गुडघे आणि माझा प्रयोग

होमिओपथीच्या गोळ्यांनी झिजलेले गुडघे सुधारत नाहीत, हे मी मुलुंडमध्ये घरच्या घरी सिद्ध करायला निघाले होते. अडचण एवढीच झाली, की गुडघे सुधारले.

स्वातंत्र्याला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला सासूबाईंना घाटकोपरला जायचं होतं. वन्सं तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, आणि इथे आमचा एक मजला उतरायलाही सासूबाईंना देव आठवत.

"मला उचलून नेणार असाल, तर मी येत नाही!" त्यांनी बजावलं.

डॉक्टर म्हणाले, "वयाची झीज आहे. थोडं थोडं चालत राहा." एवढा साधा उपाय कोणाला पटणार? आमच्या ह्यांनी होमिओपथीचं पुस्तक आणि गोळ्यांची लाकडी पेटी आणली.

"आई, आजपासून घरात कांदा, लसूण, हिंग, कॉफी बंद!"

"मग जगू कशाला रे?"

मी शाळेत शास्त्र शिकवत होते. दुसऱ्याच दिवशी पेटीतल्या गुडघ्यांच्या बाटलीतल्या गोळ्या काढून तिच्यात नुसत्या साखरेच्या भरल्या (दिसायला सख्ख्या जुळ्या बहिणी!). गुडघे तसेच राहणार आणि मी जिंकणार!

महिन्याभरात सासूबाई आधाराशिवाय खाटेवरून उठल्या.

"बघितलंस?" हे गरजले.

"त्या साखरेच्या आहेत! मी बदलल्या!"

"म्हणजे साखरेनं गुण आला?"

"नाही हो!"

"मग कशानं?"

शास्त्राच्या बाईंनी बाटलीतली एक गोळी चाखून पाहिली. साखरच!

उत्तर तळमजल्यावरच्या मालवणच्या काकींनी दिलं. "अगो, तू शाळेत गेलंस काय तुझी सासू कॉफी पिऊक आमच्याकडे येता! दिवसातना दोनदा! आधी कठडो धरून, बसान बसान येय. आता बघ, टणाटण!"

म्हणजे पथ्य मोडायला म्हातारी महिनाभर जिना चढत-उतरत होती! गोळ्या, साखर, कॉफी की जिना? माझ्या प्रयोगाची पार वाट लागली. (माझं मत जिन्याला.)

वाढदिवसाला सासूबाई घाटकोपरचा जिना हळूहळू, पण स्वतःच्या पायांनी चढल्या. मी दुसऱ्या मजल्यावर कठड्याला लटकले होते.

"वहिनी, पाय दुखतात का?" वन्संनी वरून विचारलं.

सासूबाईंनी पिशवीतून बाटली काढली. "हिला साखरेच्याच दे गं. खऱ्यांवर हिचा विश्वास नाही!"

आणि मी निमूटपणे चार चघळल्या.