पिठावरची पावलं

नातवंडांना मी माझ्या नोकरीच्या गोष्टी मीठमसाला लावून सांगते. ही एक मात्र दर वेळी गाळत आले. आमचे हे गेले, त्यांनाही कधी कळली नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. महाप्याला एका लहानशा कंपनीत मी होते. कारखान्यांच्या टाक्यांवर नजर ठेवणारी यंत्रं आम्ही बनवायचो — जेवणाच्या डब्याएवढी पेटी, आत एक बोर्ड, त्यावर चिप. टाकी जास्त तापली की पेटीनं भोंगा वाजवायचा. मेमरी किती? अहो, तुमच्या फोनमधला एक फोटोसुद्धा मावला नसता. त्यातच ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा बसवायचा. त्याला आम्ही कर्नल म्हणायचो. घरातली कर्ती बाई कशी — कुणाला आधी उठवायचं, कुणाला किती जागा द्यायची, सगळं तिच्या हातात — तसा तो. त्याला कापून कापून लहान करायचं, हे माझं काम. साहेब मला कात्रीबाई म्हणायचे. आणि मी? मी फुगायचे. चाळिशीची बाई, पण कॅन्टीनमध्ये शिरायची ती अशी, की जणू चिपचा शोध हिच्याच स्वयंपाकघरात लागला.

नसरीन माझ्या हाताखाली होती. पनवेलची, वडिलांचं तिथे कापडाचं दुकान. भोंग्याचा प्रोग्रॅम तिनं लिहिलेला. मी तिला एक युक्ती शिकवली होती. प्रत्येक कामाला मेमरीत एकेक वाफा आखून दिलेला असतो. कोण किती जागा वापरतं हे कळावं म्हणून आधी सगळीकडे एकच आकडा भरायचा, यंत्र चालवायचं, आणि मग पाहायचं — आकडा कुठवर पुसला गेलाय. माझी आई फडताळात पीठ भुरभुरून उंदराची वाट शोधायची, तसंच. आमच्यात त्याला नावच पडलं — पीठ बघणं. नसरीनला ते फार आवडायचं.

तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्याला पेट्या द्यायच्या होत्या आणि काही केल्या सगळं मावत नव्हतं. मी काय केलं? कर्नलचा स्वतःचा वाफा निम्मा केला. कुणी हद्द ओलांडली तर यंत्र थांबवणारा एक पहारा होता, तोही उडवला. नसरीन म्हणाली, थोडी जागा शिल्लक राहू दे. मी सगळ्यांदेखत विचारलं, "तू काय गं, उन्हाळ्यातही दोन छत्र्या घेऊन निघतेस?" सगळे हसले. तीही हसली.

पीठ पाहिलं होतं मी, नाही असं नाही. पण कुठे? आमच्या टेबलावर, एसीच्या गारव्यात, एका वेळी एक सिग्नल देत. पावलं हद्दीच्या पुष्कळ अलीकडे होती. कारखान्यात सगळे सिग्नल एकदम अंगावर येतात, कर्नलला जागा अपुरी पडते — हे कात्रीबाईला कुणी सांगायचं?

टाकी उतू गेली. भोंगा वाजलाच नाही. तिथल्या ऑपरेटरचा हात कोपरापर्यंत भाजला.

भोंगा वाजला नाही म्हणजे चूक भोंग्याच्या प्रोग्रॅममध्ये — सगळ्यांना तसंच वाटलं. नसरीनलाही. पेटी ऑफिसात आली. पाठवतानाच तिच्या मेमरीत पीठ भरलेलं होतं. बोर्डावर नाण्याएवढी बॅटरी होती. वीज गेली तरी मेमरीत जे असेल ते तिच्यावर टिकायचं. नसरीन साहेबांबरोबर तळोज्याला गेली होती. मी दार लोटलं, वायर जोडली, पीठ पाहिलं.

पावलं माझी होती. कर्नलच्या वाफ्यातून निघून, हद्द ओलांडून, सरळ नसरीनच्या वाफ्यात शिरलेली. तिचा प्रोग्रॅम निर्दोष होता — माझ्या कर्नलनं तो तुडवला होता.

आता इथे — थांबते जरा. इतकी वर्षं इथेच थांबत आले.

मी वायर काढली आणि नखानं बॅटरी उचकटली. मेमरी कोरी झाली. वेळ किती लागला म्हणता? वाटाण्याची शेंग सोलायला लागतो तेवढा. बोर्डावर नवी बॅटरी बसवली, जुनी पर्समध्ये टाकली.

नसरीन आली ती थेट माझ्या टेबलापाशी. "मॅडम, तुमी पीठ बघितलं ना?"

"बॅटरी उतरली होती गं. काहीच उरलं नाही."

तिनं मान डोलावली. शंका घेतली असती तर? पण युक्ती मी शिकवलेली, मग शंका कसली घेणार?

त्यानंतर ती त्या ऑपरेटरच्या घरी गेली, माफी मागायला. परत येऊन मला म्हणाली, "त्यांच्या बायकोनं चा दिला मॅडम. मला गिळवत नव्हता." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हो, त्याच हातानं.

पुढच्या पेट्यांत मी कर्नलची जागा गुपचूप वाढवली आणि पहारा परत बसवला. त्यासाठी पेटी जो मजकूर छापायची, त्याला कात्री लावली. तो आधीही कापता आला असता. भोंगे चोख वाजायला लागले. तोवर नसरीननं राजीनामा दिला होता. साहेब म्हणाले, बघा, ती गेली आणि सगळं सुरळीत झालं. मी बघितलं.

मागे करंजाड्याला एका लग्नात ती भेटली. केस पांढरे झालेले. मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. नोकरी सोडल्यावर प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नाही म्हणाली, स्वतःच्या हाताचा भरवसाच गेला. अजून कधीकधी तो प्रोग्रॅम मनातल्या मनात वाचते. "चूक कुठे होती, सापडतच नाही मॅडम."

मी म्हटलं, "जाऊ दे गं. जुनं झालं."

ती बॅटरी मी घरच्या कॅल्क्युलेटरला बसवली होती. चांगली बॅटरी टाकवेना. मुलाचं शिक्षण संपेपर्यंत चालली ती.