लायनर उतरले होते

भुताखेतांच्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत, आजही पटत नाहीत. शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला माझा. कोणी अंगात आल्याचं सांगितलं की मी आधी त्या बाईने सकाळपासून काय खाल्लंय ते विचारायची. त्यामुळे या सदरात माझं नाव पाहून ओळखीच्यांना हसू येईल. येऊ द्या. नात मागे लागली, 'आजी, ते घाटातलं लिहूनच टाक', म्हणून लिहितेय.

आमच्या प्रांताची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या वेळची गोष्ट. आमचं बुऱ्हाणपूर होतं तिथेच राहिलं, फक्त कचेरीतल्या पाट्या आणि साहेबांची बोली बदलली. घरी मराठी, बाजारात हिंदी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. नेपानगरच्या कागद कारखान्यापायी उत्तरेकडचे कारागीर येऊन राहिले होते. आमचे मिस्त्री मुन्ना उस्ताद त्यातलेच, झाशीकडचे. माणूस सोन्यासारखा, पण मराठीचा एक शब्द कळेल तर शपथ.

आमच्या ह्यांचा टोचनचा धंदा होता. टोचन म्हणजे बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला जोडून ओढत आणायची. लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेला एक दांडगा ट्रक यांनी घेतला होता, त्याच्यामागे जाड लोखंडी दांडा लावून हे गाड्या आणायचे. आणि यांचा सगळा गर्व कशात, तर लायनरमध्ये! ब्रेक दाबला की चाकाच्या ड्रमला आतून जो पट्टा घासतो, तो लायनर. साध्या ट्रकचे लायनर वर्ष-दीड वर्ष टिकतात. टोचनच्या गाडीला दुप्पट ओझं आवरावं लागतं, तिचे चार-सहा महिन्यांत झिजून आतले खिळे, रिबिटा, दिसायला लागतात. यांचे मात्र वर्षभर चालायचे. कारण हे ब्रेकला पायच लावायचे नाहीत, सगळं गिअरवर. जेवताना पाहुण्यांना हेच सांगायचे. मी म्हणायची, बायकोपेक्षा लायनर जपता तुम्ही… तर हसायचे.

माझं माहेर वर, असीरगडाच्या पायथ्याशी. पहिल्या बाळंतपणाला मी तिकडे गेले होते. पोरगी चार महिन्यांची झाली आणि आम्हाला घरी न्यायचा दिवस ठरला. त्याच सकाळी एका व्यापाऱ्याचा निरोप आला, की कापसाच्या गाठी भरलेला ट्रक ब्रेक जाऊन घाटाच्या तोंडाशी उभा आहे, तो खाली आणा. हे म्हणाले बरंच झालं, एका खेपेत दोन कामं.

आता इथे काय घोटाळा झाला तो नीट सांगते, कारण असा घोटाळा आमच्या गावातच होऊ जाणे. यांनी मागच्या चाकांसाठी नवे लायनर मुंबईहून मागवले होते. आमच्या गावाचं स्टेशन लालबागला, पार्सल तिथे यायचं होतं. गाडी काढायला हे पायी निघाले तेव्हा उस्ताद रस्त्यात भेटले, तापीवर राजघाटाकडे अंघोळीला निघालेले. यांनी चालता चालताच विचारलं, "लायनरचं काय झालं?" उस्ताद म्हणाले, "उतार दिए, सेठ." यांना वाटलं, पार्सल रेल्वेतून उतरलं. आमच्याकडे माल स्टेशनवर आला की 'उतरला' असंच म्हणतात. म्हणजे जुने अजून गाडीला आहेतच, संध्याकाळी नवे बसवू. आणि उस्ताद सांगत होते, की चाकातले जुने लायनर मी काढून ठेवले. जॅक दुसऱ्या गाडीला हवा होता म्हणून त्यांनी रिकामे ड्रम आणि चाकं परत चढवून ठेवली होती. हे कळल्यावर सेठ गाडी बाहेर काढणार नाहीत, असं त्यांनी धरलेलं.

सपाट रस्ता, पुढे चढ. यांनी सवयीप्रमाणे ब्रेकला पाय लावला नाही. कळणार कसं?

दुपार कलल्यावर आईने माझी ओटी भरली आणि मी पोरीला घेऊन केबिनमध्ये चढले. मागे दांड्याला तो कापसाचा ट्रक जोडला होता, त्यात त्याचा ड्रायव्हर, इंदूरकडचा एक सरदारजी, स्टिअरिंग धरून बसलेला. थंडीचे दिवस, उन्हाला धूसरपणा आलेला, सागाची पानं रस्त्यावर पसरलेली. मला डुलकी लागत होती. पहिल्या वळणाच्या आधी यांनी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. मला आवाजावरून नाही, यांच्या चेहऱ्यावरून कळलं. परत दाबलं, परत तेच. हँडब्रेकही त्याच चाकांवरचा, तो ओढला तर हातात नुसता मऊ लागला. गिअर खालचा होता, पण मागून गाठींचं ओझं ढकलत होतं, इंजिन रडायला लागलं होतं.

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "दार उघड. डोंगराच्या बाजूला उडी टाक, पोरीला छातीशी धरून. मी सांगतो तेव्हा."

मी म्हटलं, "आणि तुम्ही?"

मी दार उघडलं. खरं सांगते, त्या क्षणी देव आठवला नाही की काही नाही, फक्त पोरीचं डोकं कुठल्या हाताखाली घ्यायचं एवढंच मनात होतं.

आणि मग… कसं सांगू? गाडी सावकाश झाली. धक्का नाही, करकर नाही. थोडी पुढे जायची, कशावर तरी टेकल्यासारखी थांबायची, परत सुटायची. इंजिनचा आवाजही लांब गेल्यासारखा वाटला, शेजारच्या गल्लीतून यावा तसा. खालून मधूनच लाकडावर लाकूड ठेवल्यासारखा 'टक' आवाज यायचा. मागच्या गाठींतून कापूस सुटून केबिनमध्ये तरंगत आला होता, पोरीच्या पापणीवर एक तंतू बसला, आणि तो उडेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले. उघड्या दारातून खालचा रस्ता दिसत होता, इतका हळू सरकत होता की मी पाय टेकवला असता तर चप्पल निसटली नसती. मी उडी नाही मारली. यांनीही सांगितलं नाही. यांचे दोन्ही पाय तर वर घेतलेले होते, पेडलपासून लांब. मला भीती वाटायला हवी होती, पण सांगते ना, झोप येत होती. चांगली, गाढ झोप, लहानपणी बैलगाडीत कडब्यावर यायची तशी.

घाट संपला तो कळलाही नाही. सपाटीला गाडी आपोआप उभी राहिली आणि सगळे आवाज परत जागेवर आले. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. हे स्टिअरिंगवर डोकं ठेवून हुंदके देत होते. लग्नानंतर पहिल्यांदा मी यांना रडताना पाहिलं, आणि मलाही आवरेना.

तेवढ्यात मागचा सरदारजी उतरून आला. इकडेतिकडे बघत, गाडीभोवती एक चक्कर मारून त्याने विचारलं, "वो बुजुर्ग कहाँ गए?"

कोण बुजुर्ग, यांनी विचारलं. तर तो सांगायला लागला, की पूर्ण घाटभर एक म्हातारा तुमच्या मागच्या चाकाशेजारी चालत होता. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, हातात लाकडाचा ठोकळा. चाकाखाली ठोकळा सरकवायचा, चाक टेकलं की झटकन काढायचा, परत लावायचा. सरदारजीला वाटलं तो आमचाच माणूस, टोचनची ही इकडची पद्धत असेल. उलट म्हणाला, एवढ्या म्हाताऱ्याकडून असलं काम करून घेता, शोभतं का?

हे उतरून मागच्या चाकाखाली वाकून बघायला लागले. सरदारजीला ठाऊक नसेल, पण आमच्याकडे बालाजीचा रथ निघतो तेव्हा तो असाच आवरतात. रथाला कुठला ब्रेक? उतार आला की मोगरीवाले चाकाखाली मोगरी, म्हणजे तसाच लाकडी ठोकळा, घालतात आणि काढतात, घालतात आणि काढतात. पिढ्यान्‌पिढ्या तीच घरं ते काम करतात. पण ते रथासाठी, बालाजीच्या गल्ल्यांत. असीरगडच्या घाटात, लष्करी लिलावातल्या ट्रकला मोगरी लावायला कोण येतो? आणि दोन ट्रकचं, वर गाठींचं ओझं लाकडाच्या तुकड्यावर थांबतं का? गणिताची बाई म्हणून सांगते, नाही थांबत. वळणावळणाचा रस्ता होता, सरदारजीला डुलकी लागली असेल, खालच्या गिअरने काम केलं असेल, असं मी स्वतःला शंभर वेळा समजावलंय. पण यांनीच सांगितलं होतं, की गिअर त्या ओझ्याला पुरला नसता.

गाडी तिथेच सोडून आम्ही दुसऱ्या गाडीने घरी आलो. उस्तादांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मैंने तो उतार दिए थे, सेठ… बोला तो था," एवढंच म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी जागेवर जाऊन त्यांनी चाकं खोलली. मी हट्टाने बरोबर गेले होते. आत लायनर ज्यावर ठोकतात ते नुसते लोखंडी शू, रिबिटांची भोकं मोकळी. आणि ड्रम आतून स्वच्छ, एक ओरखडा नाही. लोखंडाला लोखंड घासलं असतं तर खरवडून निघाला असता, असं उस्ताद म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या प्रत्यक्ष बालाजी आला, आणि लगेच नारळ फोडला. उस्ताद म्हणाले कोई पीर-फकीर होगा. आणि ह्यांना त्यानंतर कोणी विचारलं, शेठ, टोचनच्या गाडीला लायनर किती टिकतात, तर 'वर्षभर' हा शब्द यांच्या तोंडून मी ऐकला नाही. निम्मेही झिजले नसतील तरी बदलायचे. हे गेले, तोपर्यंत तसंच.

मला विचाराल तर मला माहीत नाही. बालाजी की माणूस की आमच्या तिघांच्या डोळ्यांचा खेळ, आजही सांगता येत नाही. पोरगी वाढली, तिचा संसार झाला, आता तीही आजी झाली. माझं मात्र एका गोष्टीपाशी अडतं. मोगरी लावणाऱ्याचा हात चाकाच्या तोंडाशी असतो, जरा चुकला की बोटं गेली. कित्येक मोगरीवाल्यांची गेलेली मी स्वतः पाहिली आहेत. तो जो कोणी होता, त्याने माझ्या लेकीसाठी संपूर्ण घाटभर हात चाकाखाली घातला होता, त्या वयात, वाकून वाकून. आणि आम्ही त्याला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.