मुहूर्तावर बसलेले फोन

पुण्याच्या मॅडम जिना चढत होत्या आणि आमच्या हॉलमध्ये चाळीस मुली एकदमच "हॅलो, हॅलो" करत होत्या. सगळ्यांचा आवाज तुटत होता. त्यांच्या बियाणे कंपनीची हेल्पलाइन बीडला आमच्याकडं द्यायची का, हे मॅडम त्याच दिवशी चाचणीचे फोन ऐकून ठरवणार होत्या. मशीन सांभाळणारा मी, त्यामुळं मालक अप्पा माझ्याकडं असे बघत होते, जसं काही फोन मीच गिळलेत.

अप्पांचं पिढीजात किराणा दुकान. कॉल सेंटर पहिलंच. पुढच्या रांगेत सुनीता होती, शिरूर कासारकडची. तिच्या घरचे दर साली ऊसतोडीला जातात. हे काम टिकलं तर ती बीडला राहणार, न्हाई तर दसऱ्यानंतर टोळीच्या ट्रकमध्ये. सकाळीच तिनं मला हे सांगितलेलं, त्यामुळं मला जास्तच घाम फुटला.

आता थोडं आमच्या कामाचं. इंटरनेटवरून जाणारा प्रत्येक फोन सेशन कंट्रोलर नावाच्या मशीनमधून जातो. आमच्याकडं अशी दोन. कोणता फोन कुठल्या मशीनवर पाठवायचा ते लोड बॅलन्सर ठरवतो. स्क्रीन बघितली तर पहिलं मशीन लालबुंद, दुसरं गारेगार रिकामं.

कारण मला लगेच कळलं. अप्पांनी जंगम स्वामींकडून त्या सकाळचा मुहूर्त काढलेला. तेव्हा दुसरं मशीन चालू होतच होतं. मी थोडं थांबा म्हणालो, तर म्हणे मुहूर्त थांबत नसतो. नारळ फुटला, चाळीस बोटं एकदम लॉग-इनवर पडली आणि सगळे फोन पहिल्या मशीनवर जाऊन बसले. मॅन्युअलच्या शेवटी 'ज्ञात मर्यादा' म्हणून एक पान असतं. त्यात स्वच्छ लिहिलंय, एकदा बसलेला फोन बॅलन्सर आपणहून हलवत नाही. परत लॉग-इन केलं तरच नवी जागा मिळते.

मशीन रिस्टार्ट करावं, तर सगळेच फोन मॅडमच्या समोर बंद पडणार. मी म्हणालो, निम्म्या मुली एकेक करून लॉग-आउट होऊन परत येऊ देत. अप्पा हटून बसले.

"मुहूर्तावर बसलेल्याला उठवायचं? कावून?"

"अप्पा, तुमच्या घरी लग्न हाय समजा. सगळे एकाच पंगतीत दाटीनं बसलेत, वाढप्याला पाय ठेवायला जागा न्हाई. शेजारची पंगत मोकळी. चार जणांना तिकडं बसवलं तर लग्न मोडतं का?"

अप्पा खो खो हसले. मग काय विचारता! स्वतःच यजमानासारखे हात जोडून रांगेत फिरायला लागले. चला पोरींनो, तिकडच्या पंगतीला चला. पोरी खुर्चीतच बसून बटण दाबत होत्या आणि हसून लोटपोट होत होत्या. मॅडम दारात उभ्या. त्यांनी विचारलं तेव्हा मी काही लपवलं नाही. त्याही हसल्या आणि दुसरा हेडसेट लावून सुनीताशेजारी बसल्या.

तिचा फोन तोवर दुसऱ्या मशीनवर आला होता. पलीकडं कडा गावचे एक काका, हरभऱ्याच्या बियाण्याचं विचारत होते. आवाज घंटेसारखा खणखणीत. सुनीता त्यांच्याशी आपल्याच बोलीत बोलली, आणि काकांचं समाधान होईपर्यंत मॅडमनी हेडसेट काढला नाही.

संध्याकाळी मॅडमनी हेल्पलाइनचं काम आम्हाला दिलं. सुनीतानं जिन्यात उभं राहून घरी फोन लावला.

"अण्णा, औंदा टोळीत मला धरू नका. मी हितंच हाय."

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण ती ओढणीनं डोळे पुसत हसत होती. मला इतका आनंद झाला की मी अप्पांकडून दोनदा पेढा घेतला.

तेव्हापासून मॅन्युअल मी शेवटून वाचतो. मुहूर्त अजूनही अप्पा स्वामींकडूनच काढतात. फक्त दोन्ही मशीन चालू झाल्याशिवाय मी कुणाला नारळाला हात लावू देत नाही.