अबोलीला जवळ्याचा चुरा

बोईसरला माझ्या घरापुढे दहा कुंड्या आहेत. त्यातल्या नऊ विकत घेतलेल्या. मेल्या तर घासाघीस करून दुसऱ्या आणता येतील. दहावी अबोलीची. ती समुद्राकाठच्या दांडी गावातल्या माझ्या माहेरच्या घरची, आईनं लावलेली. शेजारणीच्या कोंबड्या त्या नऊ सोडून नेमक्या दहावीवर चढायच्या.

मी सुक्या मासळीचा धंदा करते. मनोरच्या बाजारात डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली, आज स्वतःचं दुकान आहे. कुणी मला काही दिलं नाही. आई गेल्यावर घर भावाला गेलं, त्याबद्दल मी एक शब्द बोलले नाही. पण त्यानं अंगणात सिमेंट ओतलं आणि मला विचारलं नाही. आईच्या कुंड्या उचलून रस्त्याकडेला ठेवल्या आणि एका रिक्षावाल्याबरोबर निरोप धाडला, "हव्या तर ने." भावानं बहिणीला निरोप! मी पोचले तोवर बकऱ्यांनी बाकीच्या खाल्ल्या होत्या. तडा गेलेल्या कुंडीतली ही अबोली तेवढी वाचली होती. ती उचलून मांडीवर घेतली. भाऊ ओट्यावरून हात हलवून काहीतरी ओरडत होता. मी रिक्षावाल्याला म्हटलं, चल.

घरी येऊन कुंडी बदलायला घेतली, तर मातीत भावाच्या मासेमारीच्या जाळ्याचे तुकडे गुंतलेले. स्वतःचा कचराही यानं आईच्या कुंडीत टाकला! एकेक धागा ओढून काढला आणि प्रत्येक धाग्याला एक शिवी दिली. मग तीन वर्षं आम्ही बोललो नाही.

अबोली मात्र जगली. आई घालायची तसा मी तिला दर आठवड्याला जवळ्याचा चुरा घातला. सुकवलेला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, चाळला की खाली जो बारीक कोंडा उरतो, तो. पाणी शिंपडलं की वास उठतो. लोक नाक मुरडतात. मला त्या वासात आईचे ओले हात आठवतात. मासळी विकून आली की हात धुवायच्या आधी ती तुरे खुडायची आणि वेणी करायची. तिच्या वेणीला फुलांचा वास कधी आलाच नाही. अबोलीला असतो कुठे? वेणीला वास यायचा तो मासळीचाच, आणि तो आला की आम्हाला कळायचं, आई घरात आली.

गेल्या वर्षी मागच्या खोल्यांत डोंगराकडची एक बाई भाड्यानं आली. कारखान्यात कामाला जाते. येताना पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन आली. तिसऱ्याच दिवशी अबोलीची मुळं उघडी पडली होती.

मी मातीवर विटांचे तुकडे रचले, कोंबड्यांनी ते ढकलले. लिंबाच्या काटेरी फांद्या खोचल्या, त्यांच्यामधून चोची घातल्या. कुंडी कठड्यावर ठेवली, तर कोंबडा उडून वर. बांधकामावरचं हिरवं कापड गुंडाळलं, तर झाड आत गुदमरून पिवळं पडलं. शेवटी दोनच फांद्या उरल्या. त्या सकाळी मी खराटा घेऊन शेजारणीच्या दारात उभी राहिले.

"तुझ्या कोंबड्या बांध, नाहीतर आज माझ्या घरी रस्सा शिजेल."

ती दात घासत होती. शांतपणे चूळ भरली. "शेठाणी, माझी कोंबडी चोर नाय हाय. तुमी रोज ताट वाढता, ती येऊन जेवतात."

"कसलं ताट?"

"ता सुकट! माझ्या घरापर्यंत वास येतो. मलाच भूक लागते, कोंबडीचं काय घेऊन बसलाव?"

मी खराटा घेऊन तशीच परत फिरले. असं माझं फारसं होत नाही, म्हणून राग दुप्पट झाला. चुरा घालायचा बंद केला असता तर प्रश्न मिटला असता. पण मग ती आईची अबोली कशी राहिली असती? आणि आईच्या अंगणातही सात-आठ कोंबड्या मोकळ्या फिरत होत्या. तिनं जन्मभर अबोलीला जवळा घातला, पण एका कोंबडीनं कधी पाय लावला नाही. कसं, ते मला आठवेना. ते सांगू शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं.

मी दांडीला गेले. भाऊ त्याच सिमेंटच्या अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. मला बघून सुई हातातच राहिली.

"ये. चहा ठेवायला सांगतो."

"चहाला नाही आले. आईच्या कोंबड्या अबोलीला का शिवत नव्हत्या, तेवढं सांग."

तो हसला. "तीन वर्सांनी हा विचारायला आलीस? अगं, जाळं! मातीवर जाळ्याचा तुकडा अंथरायची, वरून बोटभर माती. एकदा नखं अडकली की कोंबडी परत येत नाय. मी तुला ओट्यावरून ओरडून सांगत होतो ना, जाळं काढू नको म्हणून?"

मी सिमेंटवरचा एक खडा पायानं बाजूला सारला.

"काढलंस काय?"

"सडलं होतं."

"नायलॉन सडतं?"

मी समुद्राकडे तोंड फिरवलं. त्यानं जुन्या जाळ्याचा वीतभर तुकडा कापून पुढे धरला.

"एवढंसं? दोन वीत तरी दे."

"कुंडी केवढी आन् मागतेस केवढं! मनोरचा बाजार हाय काय?" पण दोन वीत कापून दिलं. मग सुई खाली ठेवून म्हणाला, "बी देशील थोडं? अंगण उघडं वाटतं."

"सिमेंटवर पेरणार?"

"कडेनं फोडीन थोडं."

"बी हवं तर स्वतः ये. निरोप धाडू नकोस." आतून चहा आला तेव्हा मी रस्त्याला लागले होते.

जाळं अंथरलं त्याच दिवशी कोंबड्याचा पाय अडकला. त्यानं असा कांगावा केला की शेजारीण धावत आली. मीच त्याचं नख सोडवलं. तेव्हापासून अबोलीकडे कुणी फिरकत नाही. चार नवे तुरे आले आहेत.

सुकलेल्या तुऱ्यांतली बोंडं मी एका डबीत साठवते. भाऊ अजून आलेला नाही. अबोलीच्या बोंडाला ओल लागली की ते फुटतं आणि बी उडतं. लहानपणी आम्ही दोघं बोंडं पाण्याच्या वाटीत टाकायचो आणि कुणाचं आधी फुटतं त्यावर भांडायचो. इथल्या दमट हवेत डबीतली बोंडं आपोआपच फुटायला लागली आहेत. दुकानाचा हिशेब करताना मध्येच टप् असा आवाज येतो आणि माझी बेरीज चुकते.

बाजारात मी एक गोष्ट शिकले. ज्याची गरज, त्यानं चालत यायचं. आज डबी पिशवीत टाकून मीच निघाले आहे. दांडीला कुणी विचारलं तर सांगेन, जवळा बघायला आले होते.