भार्गवबुवांचा राहिलेला ललत

दुपारी झोपणाऱ्या बायका मला आवडत नाहीत, आणि तरी आज जेवण झाल्यावर मी चटईवर आडवी झालेच. जरा पाठ टेकते, एवढंच, असं स्वतःला बजावून. डोळे पुरते मिटलेले नाहीत. पंख्याची घरघर ऐकू येतेय, आणि त्या घरघरीत कुणीतरी खाकरतंय.

उशाशी भार्गवबुवा निंबर्गीकर बसलेत. ज्यांचं गाणं सगळ्या मुलखानं डोक्यावर घेतलं ते बुवा माझ्या चटईच्या कडेला मांडी घालून सुपारी कातरतायत.

"बुवा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली."

"झाली असतील. तू ऊठ आधी. लोक येऊन बसलेत."

मी उठते तर चटईची सतरंजी झालीय. विट्याच्या आमच्या वाचनालयातली वरची खोली, सकाळची बैठक, पुस्तकांच्या कपाटांना टेकलेली जेमतेम चाळीस माणसं. पहिल्या रांगेत माझे वडील, आबा. शेजारच्याला सांगतायत, "तंबोरा आमच्या कालिंदीनं लावलाय बरं का." मी बावीस वर्षांची, बुवांच्या मागे तंबोरा घेऊन बसलेली. पुढे काय होणार ते मला ठाऊक आहे.

त्या दिवशी बुवा ललत गाणार होते. ललतात पंचम नसतो, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावायची असते. मी घाबरून, सवयीनं, पंचमात लावली. बुवांनी एकदा वळून पाहिलं, खुंटीला हातही लावला नाही, आणि लोकांना म्हणाले, "ठरवला होता ललत, पण हा तंबोरा भैरव मागतोय." आणि असा भैरव गायले की माणसं रडली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर एकेचाळीस वर्षं मी तंबोऱ्याला शिवले नाही. माझी चूक त्यांना कळली होती, की खरंच भैरव सुचला होता, हे विचारायची हिंमत ते होते तोवर झाली नाही.

आता विचारते. खोली नाही, एसटी आहे. आम्ही दोघं एका सीटवर, मध्ये तंबोरा उभा.

"कळलं होतं?"

"पहिल्या झंकारात. बहिरा होतो का मी?"

"मग तिथंच सुधारलंत का नाही?"

"तुझे वडील समोर बसलेले. त्यांच्यादेखत तुझी खुंटी पिळायची? राग काय, दुसरा गाता येतो."

आबा अखेरपर्यंत त्या भैरवाचं कौतुक सांगत होते. मी बुवांच्या पाया पडायला वाकते तर ते पाय मागे घेतात.

"थांब. मलाही एक सांगायचंय. भैरव मला माझ्या थोरल्या भावानं शिकवला. दादा गेला आणि मी तो सोडला. अकरा वर्षं ओठांवर आणला नव्हता. तू चुकलीस म्हणून मला तो परत मिळाला, मरेपर्यंत गायलो. आणि तू येडी, तंबोरा देऊन मोकळी झालीस."

मी मधला तंबोरा जवळ ओढते.

"चल, लाव मध्यम. तुझा ललत राहिलाय."

मी खुंटी हळूहळू सैल करते. तार उतरत उतरत नेमकी मध्यमावर थांबते. एसटी आमच्या स्वयंपाकघरात उभी आहे, ओट्यावर दूध तापतंय. बुवा डोळे मिटून षड्ज लावतात. एवढा मोठा माणूस माझ्या एकटीसाठी गातोय. लाज कुठल्या कुठे गेलीय.

"बुवा, फार बरं वाटतंय," मी म्हणते.

ते गाता गाताच मान हलवतात.

जाग येते तेव्हा वीज गेलेली. साडेतीन वाजलेत. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, शेवटच्या पेरावर, बारीक काळी रेघ आहे, तास न् तास तार छेडली की उठते तशी. मी साडीच्या पदरानं पुसून पाहते. जात नाही.

"आई, भांडी घासताय ना? मी विसळते," आतून सून विचारते.

"आज तूच घास, केतकी. हा हात मला पाण्यात घालायचा नाही."